पुढे पडणारा फोकस

थोरली आणि धाकटी. दुकानातून घरी आणल्या आणल्या ठकीच्या आईने दोन्ही लेन्सची ही नावं ठेवून टाकली आणि जेवणाच्या टेबलावर दोघींना शेजारी शेजारी उभं केलं. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या आणि एकाच कामाच्या. समोरच्या माणसाचा चेहरा लख्ख टिपायचा आणि त्याच्यामागचं सगळं जग लोण्यासारखं विरघळवून टाकायचं.

थोरली म्हणजे आधीची आवृत्ती. वजनदार, धातूच्या अंगाची, कडेचा काळा रंग कुणाच्या तरी बोटांनी झिजवलेला. फोकस घेताना ती घशात काही अडकल्यासारखी घुरघुरायची. तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी होती आणि खिडकीत एक काटा. समोरचा माणूस किती अंतरावर आहे ते तो काटा सांगायचा. धाकटी नवी, हलकी, गुळगुळीत. ना खिडकी, ना काटा, ना आवाज. समोर माणूस आला की त्याचा डोळा आपला आपणच शोधायची आणि धरून ठेवायची.

"दोन्ही घेऊन जा," लेन्सवाले काका म्हणाले होते. लग्नाआधी ती त्यांच्याच दुकानावरच्या स्टुडिओत कामाला होती, त्यामुळे विश्वासाचा प्रश्न नव्हता. "घरी वापर. पोरीचे काढ, नवऱ्याचे काढ. मग जी नको ती आणून दे. जुनीचे फोटो मऊ येतात, पण बाई जरा हट्टी आहे. नवी शहाणी, सांगितलेलं ऐकते."

"मला ऐकणारीच हवी काका. हट्टी एक आहे घरी."

"चालायला लागली का गं?"

प्रश्न साधाच होता. विचारणारे सगळे साधेपणानेच विचारायचे. "लागेल," ती म्हणाली आणि पिशवीची चेन ओढली.

ठकी हे नाव बाबाने ठेवलेलं. जिथे बसवावी तिथे लाकडी बाहुलीसारखी ताठ बसून राहायची म्हणून. तेव्हा सगळे हसले होते. आता दीड वर्ष कधीच उलटून गेलं होतं आणि ठकी अजून बसलेलीच होती. फार तर बसल्या बसल्या ढुंगणावर वीतभर सरकायची. उभी केली की पाय मेणाचे असल्यासारखे दुमडायचे. डॉक्टरबाईंनी गुडघे ठोकून पाहिले, पाठीच्या कण्यावरून बोट फिरवलं, रक्त तपासलं. सगळं ठीक. "काही मुलं उशिरा उठतात," त्या म्हणाल्या. पण पुढच्या भेटीपर्यंत उभी राहिली नाही तर भूल देऊन मोठी तपासणी करावी लागेल, हेही त्यांनी सांगितलं. त्या 'भूल देऊन'पासून ठकीच्या आईचा जीव टांगणीला लागला होता. रात्री ती ठकीच्या पावलांना हात लावून बघायची. पावलं ऊबदार असायची. तळवे मात्र नव्या बुटांच्या तळासारखे कोरे.

"मूल आहे ते, घड्याळ नाही वेळेवर वाजायला," ठकीची आजी म्हणजे सासूबाई म्हणायच्या. "तुझा नवरासुद्धा आळशीच होता. अजून आहे."

"आई, मी इथेच बसलोय," ठकीचा बाबा पेपरामागून म्हणायचा.

एका पाळणाघराने तिला सगळ्या मुलांचे फोटो काढायचं काम दिलं होतं. बाळंतपणानंतरचं पहिलं मोठं काम. जुना कॅमेरा होता, लेन्स नव्हती. म्हणून ही पारख.

पारखायची तिची रीत ठरलेली होती. एकच चेहरा, एकच उजेड, एकच जागा. आधी एक लेन्स, लगेच दुसरी. मग दोन्ही फोटो लॅपटॉपवर शेजारी ठेवून पापणीचा केस न् केस मोजता येईल इतके मोठे करायचे. पुढच्या खोलीत मोठी खिडकी होती, तिच्याखाली राखाडी, गुबगुबीत गालिचा. त्याचे धागे बोटभर लांब. काही टेकलं की खळगा पडायचा आणि सावकाश भरून यायचा. खिडकीपाशी ठकीला बसवलं. ती स्वतः गालिच्याच्या दुसऱ्या टोकाला मांडी घालून बसली, कॅमेरा जमिनीलगत धरून.

धाकटीने ठकीचा डोळा चट्दिशी पकडला. फोटोत पापण्या सुईसारख्या टोकदार आल्या, बुबुळात खिडकीचा चौकोन आला, ओठावरचा लाळेचा थेंबसुद्धा.

मग थोरली. ती घुरघुरली, मागे गेली, पुढे आली, थांबली. 'टिक्' असा आवाज आला, म्हणजे फोकस बसला. फोटो उघडला तर ठकी धुक्यात गेल्यासारखी. लख्ख होते ते तिच्यासमोरचे वीतभर अंतरावरचे गालिच्याचे धागे.

"फोकस पुढे पडतोय," तिने काकांना फोन केला.

"जुन्या लेन्सचा पडतो कधी कधी. पट्टी लावून बघ."

तिने मोजपट्टी तिरकी ठेवून बघितली. थोरलीने सांगितलेल्या आकड्यावर अचूक फोकस धरला. पाण्याच्या बाटलीवर धरला, आजीच्या चष्म्यावर धरला. बाबाला बसवलं तर त्याच्या नाकावरचा मुरूमही सोडला नाही.

"हा फोटो पुसून टाक," तो म्हणाला.

"लेन्स किती चांगली आहे त्याचा पुरावा आहे तो."

"मग पुरावा दुसरा शोध."

म्हणजे लेन्स बरोबर होती. फक्त ठकी समोर आली की चुकत होती. मूल हलतं, म्हणून असेल. पण ठकी तर हलतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा काढले. तोच उजेड, तीच जागा. धाकटी बिनचूक. थोरलीचा फोकस आज हातभर पुढे पडला होता. चिडून ती फोटो पुसणार, तेवढ्यात तिचं बोट थांबलं. गालिच्याचा तो लख्ख भाग तिने मोठा केला. धाग्यांमध्ये दोन खळगे होते, शेजारी शेजारी, लांबट. एका टोकाला निमुळते, दुसऱ्या टोकाला पसरट. पसरट टोक कॅमेऱ्याच्या दिशेला होतं. त्याच्या कडेला वाटाण्याएवढी पाच टिंबं.

तिने उठून गालिचा पाहिला. धागे सरळ उभे होते. तिने त्यांवरून तळहात फिरवला. ठकी तिच्याकडे बघत होती, तोंडात मूठ घालून.

खेळण्याचा ठसा असेल, ती स्वतःला म्हणाली. धाकटीच्या फोटोत तेवढी जागा धूसर होती, त्यामुळे ताडून पाहायची सोय नव्हती.

मग ते रोजचंच झालं. आजी दुपारी पडल्या की ठकीची आई थोरली लावून बसायची. पाळणाघराचं काम हे निमित्त उरलं होतं. रोज फोकस जरासा पुढे सरकलेला असायचा. खिडकीतला काटा मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडे यायचा. रोज ते दोन खळगे असायचे, कधी शेजारी शेजारी, कधी एक पुढे एक मागे. आणि नवल म्हणजे त्याच दिवसांत ठकीही जरा खुलली होती. ढुंगणावर भराभर सरकायची. तळहात टेकून बूड उचलायची आणि धप्पकन बसायची.

"बघ, बघ! उठतेय गं पोर!" आजी ओरडल्या. "हो गं माझी बाय, अजून एकदा."

ठकीने अजून एकदा केलं. बाबाने टाळ्या वाजवल्या. ठकीची आई हसली, पण तिची नजर ठकीसमोरच्या मोकळ्या गालिच्यावर होती.

तिने विज्ञानाची पदवी घेतली होती. न समजणाऱ्या गोष्टीसोबत एका घरात राहायची तिला सवय नव्हती. आणि फोटोत जे दिसतं पण गालिच्यावर असत नाही, त्याला लेन्सची खोड म्हणणं हेच तिला त्या घडीला सोयीचं होतं. कॅमेऱ्यात अशा खोडीसाठी एक सोय असते. लेन्सचा अंदाज चुकत असेल तर कॅमेऱ्याला सांगून ठेवता येतं, की हिला वाटतं त्यापेक्षा थोडं मागे धर. ज्याच्या हातात कॅमेरा असतो तो कुठलाही फोटोवाला हेच करतो. तिने आकडा वाढवत वाढवत नेला, शेवटी टोकाला नेला. फोकस मागे मागे सरकला आणि ठकीच्या चेहऱ्यावर येऊन बसला.

आणि काय फोटो आला! धाकटीने जिथे पापण्यांचे केस मोजून दिले होते, तिथे थोरलीने गालांची साय दिली. समोर गालिचा नुसता राखाडी धूर. तिने फोटो नवऱ्याला पाठवला.

'हीच ठेव,' त्याचं उत्तर आलं. 'नाकावर मुरूम असलेल्यांवर मात्र वापरू नकोस.'

दोन दिवस ती समाधानात होती. तिसऱ्या दिवशी ठकीचा लाल चेंडू घरंगळत गेला, ठकीच्या हातापासून जेमतेम वीतभर लांब. ठकीने चेंडूकडे पाहिलं. सरकली नाही. हातही पुढे केला नाही. थोड्या वेळाने तिने मान वळवली, जणू तो चेंडू दुसऱ्या कुणाचा होता.

"दोन दिवस झाले, पोर गळाठल्यासारखी दिसतेय," आजी म्हणाल्या. "बूडसुद्धा उचलत नाही."

ताप नव्हता. भात खात होती, झोपत होती. तिने डॉक्टरबाईंना फोन केला. "येतं येतं म्हणताना थांबलं, हे मला आवडत नाही," त्या म्हणाल्या. "तपासणी पुढे ढकलू नका. या आठवड्यातच करून टाकू."

 संध्याकाळी ठकीची आई लॅपटॉप उघडून बसली आणि फोटो ओळीने पाहत गेली. कुठे थांबलं ते शोधायला वेळ लागला नाही. ज्या दिवशी तिने तो आकडा टोकाला नेला, तोच दिवस. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडत नाही, हे तिने कॉलेजात पेपरात लिहून मार्क मिळवले होते.

"लेन्स परत द्यायची तर जशी होती तशी द्यायला हवी," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं पण आता तर सरळ झालीय ना?"

"कुणी सांगितलं तिला सरळ करायला?"

 तिने तिथल्या तिथे कॅमेरा घेतला आणि आकडा शून्यावर आणला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ठकीला खिडकीपाशी बसवलं. आजी आत पडल्या होत्या. त्यांचं घोरणं ऐकू येत होतं, बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. ठकीची आई गालिच्याच्या आपल्या टोकाला बसली. या वेळी मांडी घालून नाही, गुडघ्यांवर. तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण अर्धं दाबलं.

थोरली घुरघुरली. पुढे गेली, मागे आली. टिक्. तिने फोटो पाहिला. फोकस गालिच्याच्या मधोमध होता. तिथेच पडून राहिलेल्या लाल चेंडूच्याही अलीकडे.

तिने पुन्हा दाबलं. काटा सरकला.

पुन्हा. अजून सरकला.

आता तिला फोटो उघडून पाहायचीही गरज नव्हती. काट्यावरूनच कळत होतं. दिवसाला एक पाऊल येणारं जे काही होतं, ते आता थांबत नव्हतं. ठकी समोर बसलेलीच होती, धूसर, खिडकीच्या उजेडात.

काटा शेवटच्या आकड्यावर आला. त्याहून जवळचं या लेन्सला दिसत नाही.

लेन्स थांबली नाही. तशीच घुरघुरत राहिली, अजून जवळ येऊ बघत राहिली.

मग आवाज थांबला.

तिच्या गुडघ्यांवर काहीतरी टेकलं.

दोन्ही गुडघ्यांवर. लहानसं, ऊबदार वजन. मूल उभं राहून तोल सावरायला तळहात टेकतं तेवढं.

तिने कॅमेरा खाली घेतला नाही. 

समोरून हसू आलं. ठकी हसत होती. तिची नजर आईच्या चेहऱ्यावर नव्हती, जराशी खाली होती, गुडघ्यांपाशी.

"ये," ठकीची आई म्हणाली. कुणाला म्हणाली, ते तिला अजूनही सांगता येत नाही.

ठकीने तळहात टेकले. बूड उचललं. या वेळी ती धप्पकन बसली नाही.

एक पाऊल. गालिच्यात पाय रुतला. दुसरं. हात दोन्ही बाजूंना, दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखे. चेंडूला पाय लागला, चेंडू घरंगळला, ठकी नाही घरंगळली. ती चालत आली. एक न चुकणारी वाट आखून दिल्यासारखी चालत आली आणि आईच्या दोन्ही गुडघ्यांवर तिने हात टेकले.

वजन तेवढंच होतं. ना कमी, ना जास्त.

मग जे व्हायचं ते झालं. ठकीची आई इतक्या जोरात रडली, की आजी पदर सावरत धावत आल्या आणि काय झालं काय झालं म्हणत स्वतःच रडायला लागल्या. बाबा ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आला. ठकीने त्याच्यासमोर खोली ओलांडून दाखवली, मग स्वयंपाकघर, मग पुन्हा खोली.

"काय घातलंस गं तिच्या खाण्यात?" त्याने विचारलं. "मलाही दे थोडं."

"तुला कुठे चालायचंय? तू पेपर वाच," आजी म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी ठकीला दवाखान्याच्या बोळातून दोनदा फिरवून आणलं आणि तपासणीच्या कागदावर आडवी रेघ मारली. "मी म्हटलं नव्हतं, काही मुलं उशिरा उठतात?" त्या म्हणाल्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

आठवडा संपताना ठकीची आई दोन्ही लेन्स आणि ठकीला घेऊन दुकानात गेली. ठकी पायरीवरून आपल्या पायांनी आत आली.

"अरे वा! मालकीणबाई आल्या!" काका काउंटरच्या बाहेर आले. त्यांनी थोरली कॅमेऱ्याला लावली आणि उकिडवे बसून ठकीचा फोटो काढला. मग चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे पाहिलं. "हे बघ, डोळ्यावर बसलाय. एक केस इकडेतिकडे नाही. तू म्हणत होतीस तसं काही नाहीये."

तिने बराच वेळ पाहिलं. ठकी लख्ख होती. तिच्या पुढचा धूर नुसता धूर होता. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं तिला वाटलं. ठकी पोहोचली होती.

"मग हीच ठेवतेस?"

"नाही काका. नवी."

"का? एवढा सुंदर फोटो देतेय."

काय सांगणार? ही घरात राहिली तर रोज हिच्यातून बघितल्याशिवाय आपल्याला चैन पडणार नाही, आज फोकस कुठे पडला, उद्या कुठे, एवढंच आपण बघत बसू. पोर चालताना बघायचं राहून जाईल. "वजन फार आहे हिचं," ती म्हणाली. "एका हाताने हिला धरायचं की ठकीला?"

"हे पटलं," काका म्हणाले आणि थोरलीला कपाटात, काचेमागे ठेवलं.

पाळणाघराचं काम छान झालं, त्यावरून आणखी कामं आली. धाकटी सांगितलेलं ऐकते. पुढच्या खोलीतला गालिचा जाऊन तिथे गुळगुळीत फरशी आली. ठकी घरभर हुंदडते. दारं आपटते, आजीचा चष्मा पळवते, बाबाच्या पेपराखालून निसटते. तिच्या मागे धावताना ठकीच्या आईची दमछाक होते आणि दमछाक झाली की तिला बरं वाटतं.

फक्त खिडकीपाशी ठकी कधीच सरळ जात नाही. ती जिथे बसायची, त्या जागेला वळसा घालते. कितीही जोरात धावत आली तरी. जमिनीवर कुणी बसलेलं असलं की आपण बाजूने जातो, तसा. जाता जाता ती तिथे हात पुढे करते आणि बसलेल्या एखाद्या लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा फिरवते. लाडाने, न थांबता. पूर्वी त्यासाठी तिला हात उचलावा लागायचा. आता ठकी शाळेत जाते, चांगली उंच झालीय. हात नुसता खाली सोडला तरी तिथवर पुरतो.